कसरतीचे रिमोट विमान: किती पैसे लागतात आणि शिर्डीत उडवायचे कुठे

आकाशात लूप, रोल आणि उलटी उड्डाणे करणारे रिमोटचे विमान घ्यायचे म्हटले की पहिला प्रश्न किमतीचा येतो. नुसता फोमचा सांगाडा तीन हजारांत मिळतो. तो हवेत नेऊन परत जमिनीवर आणण्याइतकी सगळी सामग्री पंधरा ते सतरा हजारांत बसते. पहिल्या वर्षातली मोडतोड धरली की आकडा वीस ते चोवीस हजारांवर जातो. दुकानदार पहिला आकडा सांगतो, घरच्यांना आपण दुसरा सांगतो, आणि खिशातून जातो तो तिसरा. म्हणून खरेदीचा विचार तिसऱ्या आकड्यापासून सुरू करायला हवा.

इथले भाव साधारण पल्ल्यात दिले आहेत. दुकान, ब्रँड आणि डॉलरचा दर यांनुसार ते दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतात.

आधी जागा, मग विमान

इतर गावांत जागेचा मुद्दा शेवटी आला तरी चालते. शिर्डीत तो पहिला आहे, कारण काकडी गावाजवळचा विमानतळ. १ ऑक्टोबर २०१७ पासून तिथून प्रवासी विमाने ये-जा करतात. सरळ रेषेत मोजले तर शिर्डी गाव विमानतळापासून साधारण १३ किलोमीटरवर आहे, आणि राहाता त्याहून जवळ, ११ किलोमीटरच्या आसपास. हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण ड्रोन नियम २०२१ मध्ये चालू विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंतचे कडे वेगळे धरले आहे. आपण ज्याला हौसेचे विमान म्हणतो तेही कायद्याच्या भाषेत मानवरहित विमानच आहे. त्यावर कॅमेरा नसला तरी फरक पडत नाही.

नियम समजायला अवघड नाही. सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट ६० मीटरपर्यंतच आहे. त्यावर गेलात की पिवळा भाग सुरू होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. ८ किलोमीटरच्या आत हौसेचे उड्डाण करण्याचा विचारही करू नये. उतरणाऱ्या प्रवासी विमानात दीड-दोनशे माणसे असतात. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे.

आता हेच राहात्याच्या शेतकऱ्याच्या नजरेतून पाहा. पेरूची बाग, शेजारी मोकळे रान, जागा स्वतःची. तरीही ते रान बाराच्या कड्यात येत असेल तर ६० मीटरची मर्यादा लागू होते. एक मीटर पंखाच्या हलक्या विमानाला तेवढी उंची पुरते. एवढ्याशा विमानाची दिशा त्यापलीकडे डोळ्यांना नीट कळतही नाही. मोठ्या विमानाला मात्र ती उंची अपुरी पडते, कारण त्याचा एक सैलसर लूपच पन्नास-साठ मीटर घेतो. म्हणजे जागेवरून विमानाचा आकार ठरतो. कोपरगाव, पुणतांबा, येवला ही गावे कड्याच्या बरीच बाहेर आहेत. तिकडे ओळखीच्या कोणाचे माळरान असेल तर ती सर्वांत चांगली सोय. कुठेही जा, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला नेमका गट शोधून रंग पाहा, आणि विमान त्यानंतरच मागवा.

शिर्डी गावात, मंदिराच्या आसपास आणि गर्दीच्या रस्त्यांवर उडवू नका. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला तर पालख्या आणि पायी येणारे भाविक आजूबाजूच्या सगळ्या वाटांवर असतात. अशा दिवशी गावाबाहेरचे रानही रिकामे नसते.

कागदपत्रांचे थोडक्यात असे. २५ किलोपर्यंतचे, नजरेच्या टप्प्यात, केवळ शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी उडवायचे विमान ‘मॉडेल’ या वर्गात येते आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची अट नाही. बिगरव्यावसायिक कामासाठी दोन किलोपर्यंतच्या विमानाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीची प्रक्रिया सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती वेळोवेळी बदलली आहे, तेव्हा खरेदीच्या आठवड्यातच ती वाचून घ्या. दोन किलोच्या आत राहणे हा पहिल्या विमानासाठी कायद्याच्या बाजूनेही शहाणपणाचा निर्णय आहे.

मैदान किती मोठे हवे? उतरायला ४० ते ५० मीटर लांब आणि दहा मीटर रुंद सपाट पट्टी, आणि तिच्या पुढे दीडशे मीटर तरी मोकळे आकाश. विहिरींच्या मोटरसाठी गेलेल्या विजेच्या तारा आपल्याकडे प्रत्येक रानात असतात. तारा उडवणाऱ्याच्या पाठीमागे असाव्यात, समोर नसाव्यात. बघे लोकही पाठीमागेच.

कोणती कसरत करायची आहे?

दुकानात ‘एरोबॅटिक प्लेन’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळी विमाने विकली जातात. मागणी करताना विमानाचे नाव सांगण्याआधी कसरत सांगावी.

लूप तर शिकाऊ विमानही मारते. वरच्या बाजूला पंख, पंखाचे पोट सपाट, दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले, अशी शिकाऊ विमानाची बांधणी असते. असे विमान हात सोडले की आपोआप सरळ होते, आणि त्याच गुणामुळे ते उलटे राहायला तयार नसते. उलटे उड्डाण, स्वच्छ रोल आणि क्युबन एट (हवेत आडवा पडलेला इंग्रजी आठ) यांसाठी पंखाचा छेद वरखाली सारखा हवा, म्हणजे सिमेट्रिकल. पंख टोकांकडे उचललेले नसावेत आणि पंखाच्या मागच्या कडेला आयलेरॉन, म्हणजे हलत्या पट्ट्या, रुंद हव्यात. नाइफ एजमध्ये, म्हणजे एका कुशीवर सरळ जाताना, पंखाचा उपयोग उरत नाही. तिथे विमानाचे अंगच वजन पेलते, म्हणून बाजूचा भाग उंच आणि रडर, म्हणजे शेपटीची उभी हलती पट्टी, मोठा लागतो. शेपटीवर उभे राहून हवेत थांबायचे असेल तर प्रोपेलरची ओढ विमानाच्या वजनापेक्षा जास्त हवी, शक्य असेल तर दीडपट.

बाजारातली बहुतेक कसरती मॉडेल एक्स्ट्रा, एज, याक, स्लिक अशा खऱ्या स्पर्धा-विमानांच्या घडणीवर बेतलेली असतात. वॉल्टर एक्स्ट्रा या जर्मन वैमानिकाच्या एक्स्ट्रा ३०० ने १९८८ मध्ये पहिले उड्डाण केले आणि त्याच्या मॉडेलना आजही मोठी मागणी आहे. नावावर भाळू नका. त्याच नावाचे विमान ३०० ग्रॅमचेही मिळते आणि पंधरा किलोचेही.

मोटरच्या ताकदीचा अंदाज वॅटमध्ये घ्यावा. शिकाऊ विमानाला दर किलो वजनामागे दीडशे ते दोनशे वॅट पुरतात. लूप, रोल, उलटे उड्डाण यांना अडीचशेच्या आसपास लागतात. हवेत उभे राहण्याच्या कसरतींना साडेतीनशेच्या पुढे. जाहिरातीत वॅट आणि पूर्ण वजन हे दोन्ही आकडे दिलेले नसतील तर विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर ते विमान सोडून द्या.

हलके ते स्वस्त

या लेखातला मुख्य सल्ला वजनाबद्दल आहे. धडकेची ताकद वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्धा किलोचे फोमचे विमान ताशी ४० किलोमीटरने शेतात आदळले, आणि दोन किलोचे बाल्साचे ताशी ८० ने, तर दुसऱ्या धडकेची ताकद पहिल्याच्या सोळापट असते. पहिल्यात प्रॉप तुटतो आणि नाक चिकटवावे लागते. दुसऱ्यात लाकडाचा भुगा गोळा करावा लागतो.

शिकताना विमान पडणारच. जमिनीजवळ उलटे असताना बोट सवयीने एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) खेचते आणि विमान थेट खाली जाते. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. म्हणून किंमत ठरवताना ‘हे विमान कितीला मिळते’ यापेक्षा ‘हे एकदा पडले तर कितीला पडते’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. ईपीपी फोमचे, चपट्या अंगाचे, ज्याला प्रोफाइल म्हणतात ते विमान एकदा पडले तर शंभर-दोनशे रुपयांत पुन्हा उडते. तयार बाल्सा विमानाची तीच घटना दहा हजारांच्या घरात जाते.

हलकेपणाचा आणखी एक फायदा आपल्या हवेशी जोडलेला आहे. शिर्डी समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. पंखाची उचल तितकीच कमी, प्रॉपची ओढही तितकीच कमी. डिसेंबरच्या सकाळी झकास उडालेले विमान मे महिन्याच्या दुपारी जड वाटते, उतरताना जास्त वेगाने येते आणि वळणात अचानक पंख टाकते. दर चौरस डेसिमीटर पंखाला २० ग्रॅम वजन असलेले विमान ताशी २०-२२ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकते. ४८ ग्रॅम असेल तर हा वेग ३३ च्या पुढे जातो. नव्या हातासाठी हा फरक फार मोठा आहे.

पंधरा ते सतरा हजारांचा हिशेब

सर्वांत आधी ट्रान्समीटर घ्यावा, कारण विमाने येतात-जातात आणि तो राहतो. सहा चॅनलचा साधा, भरवशाचा सेट रिसीव्हरसह पाच हजारांच्या आसपास मिळतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा आपल्याकडे याच पल्ल्यातला बराच प्रचलित सेट आहे. त्यात ड्युअल रेट (पट्ट्यांची हालचाल कमीजास्त करणे), एक्स्पो (काडीची मधली हालचाल मवाळ करणे) आणि फेलसेफ (संपर्क तुटला की मोटर थांबवणे) या तीन सोयी आहेत की नाहीत ते पाहा. कसरतीच्या विमानाला या तिन्ही लागतात. पुढे हौस टिकली तर बारा ते वीस हजारांचा चांगला सेट घेता येतो, पहिल्या दिवशी त्याची गरज नाही.

त्यानंतर सिम्युलेटर. घरात संगणक असेल तर पिकासिमसारखे सिम्युलेटर फुकट मिळते, आणि ट्रान्समीटर संगणकाला जोडायची केबल सातशे-आठशे रुपयांत येते. सगळ्या यादीत पैशाचे सर्वांत जास्त मोल याच आठशे रुपयांना आहे. उलट्या विमानाला वर न्यायचे तर एलिव्हेटर ढकलायचा, हे हाताला पडद्यावर शिकवा. तिथली मोडतोड फुकट असते. पंचवीस-तीस तास पडद्यावर घालवल्याशिवाय खरे विमान उलटे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सांगाडा दोन प्रकारे मिळतो. एक मीटर पंखाचा ईपीपी प्रोफाइल किट तीन हजारांच्या आसपास येतो. नकाशा छापून फोमशीट किंवा डेप्रॉन स्वतः कापला, कार्बन रॉड घातले, तर हजारात काम होते. अभियांत्रिकीच्या मुलांनी स्वतः कापावे असे मला वाटते, कारण ज्याने एकदा बांधले त्याला दुरुस्तीची भीती वाटत नाही. ज्याला वेळ नाही त्याने किट घ्यावा.

२२१२ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि ३० अँपियरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट, मिळून हजारात येतात. १० इंची प्रॉपवर ही मोटर साधारण ८०० ग्रॅम ओढ देते. बॅटरीसह सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या विमानाला लूप-रोलसाठी ती पुरते आणि हवेत उभे राहण्याचा सरावही जेमतेम करू देते. अठराशे-दोन हजारांची चांगली २२१६ मोटर घेतली तर हात मोकळा राहतो. पण हा खर्च पहिली मोटर जळल्यावर करावा.

पट्ट्या हलवणारे चार सर्व्हो लागतात. प्लॅस्टिक गिअरचे नऊ ग्रॅमचे सर्व्हो शंभर-सव्वाशेला मिळतात, धातूच्या गिअरचे दोनशे-अडीचशेला. आयलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, सगळीकडे धातूचेच घाला. कसरतीत या पट्ट्या चाळीस-चाळीस अंश हलतात आणि उतरताना गवतात अडकतात. प्लॅस्टिकचा एक दात तुटला की विमान गेले. आठशे रुपये धरा.

तीन सेलच्या १५०० एमएएच लायपो बॅटऱ्या दोन, मिळून तीन हजार. बॅलन्स चार्जर दोन हजार. तीनशेचा छोटा चार्जर मिळतो, पण त्यात साठवणीचा व्होल्टेज लावता येत नाही आणि त्यात वाचवलेले पैसे बॅटरी खाते. पाच प्रॉप सहाशे. डिंक, हॉर्न, रॉड, कनेक्टर, सोल्डरिंग, बॅटरीची अग्निरोधक पिशवी आणि बझर यांना अकराशे. किटचा सांगाडा धरून एकूण सतरा हजार तीनशे, स्वतः कापला तर पंधरा हजार तीनशे.

पहिल्या वर्षासाठी यात आणखी पाच ते सात हजार जोडा: दहा प्रॉप, तीन सर्व्हो, एक मोटर, एक बॅटरी, आणि एक नवा सांगाडा. हा नवा सांगाडा लागतोच. दिलासा एवढाच की दुसरे विमान पाच हजारांतच उभे राहते, कारण ट्रान्समीटर, चार्जर आणि बॅटऱ्या आधीच घरात असतात.

रोजचा खर्च मात्र अगदी थोडा आहे. एका उड्डाणाच्या बॅटरीला चार्ज व्हायला वीस-पंचवीस पैशांची वीज लागते. बॅटरी नीट सांभाळली तर शंभराच्या वर उड्डाणे देते, म्हणजे दर उड्डाणामागे तिची झीज पंधरा रुपये. सहा-सात मिनिटांचे उड्डाण सोळा रुपयांत होते. ग्लो इंजिन घेतले तर हे गणित बदलते. पंचेचाळीस आकाराचे इंजिन दहा मिनिटांत पाव लिटरच्या वर इंधन पिते, आणि मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेलाचे हे मिश्रण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पहिल्या विमानाला विजेचीच मोटर असावी.

जिथे पैसे वाया जातात

ई-कॉमर्सवर दोन-अडीच हजारांत रिमोट, बॅटरी, चार्जर सगळे धरून ‘स्टंट प्लेन’ मिळते. ते खेळणे आहे. त्यातल्या बऱ्याच विमानांना दोनच चॅनल असतात. दोन मोटरचा वेग कमीजास्त करून ती वळतात, त्यांना आयलेरॉनच नसतो, तर रोल होणार कसा? काहींत बटण दाबले की जायरो एक लूप मारून देतो. त्याने पाहणाऱ्याची करमणूक होते, उडवणारा काही शिकत नाही. लहान मुलाच्या वाढदिवसाला हे विमान जरूर द्या. कसरत शिकण्यासाठी निदान चार स्वतंत्र चॅनल हवेत: आयलेरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर.

दुसरी फसगत परदेशी संकेतस्थळांवर होते. तिथे तयार विमान स्वस्त दिसते. पण ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने विदेश व्यापार महासंचालनालयाने तयार किंवा सुट्या संचाच्या रूपातल्या ड्रोनची आयात बंद केली आहे. सुटे भाग त्यातून वगळले आहेत. तुमच्या पार्सलमध्ये हौसेचे विमान आहे की ड्रोन, याचा वाद सीमाशुल्क अधिकाऱ्याशी घालण्यात महिने जातात. भारतात साठा असलेल्या दुकानातूनच घ्या. पुण्याचे रोबू आणि कोलकात्याचे इंडिया हॉबी सेंटर यांसारखी दुकाने सुटे भाग घरपोच पाठवतात. लिथियम बॅटऱ्या बहुधा रस्त्याने येतात, म्हणून त्यांना वेळ लागतो. त्यांची ऑर्डर सर्वांत आधी द्या.

तिसरी चूक पालकांकडून होते. ‘एकदाच चांगले घेऊ’ म्हणून ते मुलाला सव्वा-दीड मीटरचे बाल्सा विमान घेऊन देतात. सांगाडा पंधरा ते पंचवीस हजार, मोटर-ईएससी सहा ते नऊ हजार, सहा चांगले सर्व्हो आठ हजार, दोन मोठ्या बॅटऱ्या दहा-बारा हजार. ट्रान्समीटर धरून पन्नास हजारांच्या घरात जाणारे हे विमान मुलगा भीतीपोटी उडवत नाही, आणि उडवले तर पहिल्या महिन्यात हौस संपते. हे विमान वाईट नाही. ते तिसरे विमान आहे. पन्नास सीसीच्या पेट्रोल इंजिनाची दोन मीटरच्या पुढची विमाने दीड-दोन लाखांच्या खाली येत नाहीत, दोन किलोची सीमा ओलांडतात, आणि शिकवायला अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय ती सुरूही करू नयेत.

वापरलेले विमान घेणार असाल तर ट्रान्समीटर आणि चार्जर बिनधास्त घ्या, निम्म्या भावात चांगले मिळतात. मोटर हाताने फिरवून पाहा, शाफ्ट वाकला असेल तर प्रॉपच्या टोकाला थरथर दिसते. सर्व्होचा हात दोन बोटांत धरून हलवा, ढिला लागला तर गिअर झिजले आहेत. मोटर बसवलेल्या लाकडी फळीला बारीक चीर आहे का ते नखाने तपासा. बॅटरी मात्र दुसऱ्याची वापरलेली कधीच घेऊ नये, फुकट मिळाली तरी.

बॅटरी आणि प्रॉप

लायपो बॅटरी पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो. भार नसताना तो ३.६-३.७ च्या खाली जाऊ देऊ नका. उडवायचे नसेल तेव्हा ३.८ वर ठेवा. १५०० एमएएचची बॅटरी दीड अँपियरनेच भरा, आणि भरताना शेजारी थांबा. रात्री लावून झोपू नये. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नये, आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. फुगलेली बॅटरी दुरुस्त होत नाही. प्रवासी विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात.

दहा इंची प्रॉप मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे जातो. या वेगाने बोट तुटते. घरात मोटर तपासायची तर प्रॉप काढूनच. मैदानात बॅटरी जोडण्याआधी ट्रान्समीटर सुरू, थ्रॉटल शून्यावर, थ्रॉटल कट लावलेला. फेलसेफ खरोखर काम करतो का, ते ट्रान्समीटर बंद करून पाहा. मोटर थांबली पाहिजे. ही तपासणी फुकट आहे आणि ती न करता उडवणे हा गुन्हा समजावा.

हंगाम

खरेदी पावसाळ्यात करा आणि पहिले उड्डाण नोव्हेंबरात. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि काळ्या मातीत चाके रुततात, पण सिम्युलेटर आणि बांधणीला हे चार महिने उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी वारा जवळजवळ नसतो. एकाच गोष्टीची काळजी घ्या: संक्रांतीच्या आसपास येवल्याकडे आकाश पतंगांनी भरलेले असते आणि मांजा प्रॉपमध्ये गुंतला की मोटर जागेवर थांबते. ते तीन-चार दिवस येवला टाळा. एप्रिल-मेमध्ये सूर्योदयानंतरचा तास-दीड तासच कामाचा. अकरानंतर वावटळी उठतात.

आपल्या भागात आणखी एक खर्च टाळता येतो. विमान उसात पडले तर ते डोळ्यांना दिसत नाही. बाराफुटी उसात वीस फूट आत गेले की माणूस दिशा विसरतो. शंभर-दीडशे रुपयांचा बझर विमानात बसवा, पंखाच्या खालच्या बाजूला भडक केशरी पट्टे ओढा, आणि पडताना समोरचे एखादे झाड खूण म्हणून धरून ठेवा. उसाच्या मालकाला विचारूनच आत शिरा, त्याचे पीक तुमच्या विमानापेक्षा महाग आहे.

तेव्हा वीस हजारांची तयारी असेल तर यंदाच्या पावसाळ्यात सहा चॅनलचा ट्रान्समीटर, सिम्युलेटरची केबल आणि चार्जर घ्या. सिम्युलेटरवर उलटे उड्डाण सहज जमू लागले की मग एक मीटरचे ईपीपी प्रोफाइल विमान मागवा. तोवर नाही जमले तर उरलेले बारा हजार तुमच्याच खिशात आहेत.